पासंग

ऋजुता वाघोलीकरला त्या उंचवट्याचा संशय आला, कारण तो फार देखणा होता.

सभागृहातल्या भल्यामोठ्या पडद्यावर आलेख झळकला, तशी माणसं खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. डावीकडून उजवीकडे घाटासारखी उतरत जाणारी रेघ, आणि उताराच्या मध्येच एक नेटकं टेकाड. टेकाडाच्या माथ्याखाली आकडा होता ७१४. तीस वर्षांपूर्वी डॉ. विश्राम नाबरांच्या गणितातून नेमका हाच आकडा निघाला होता. त्या गणितातल्या कणाचं नाव त्यांनी ठेवलं होतं मौनक, कारण तो असलाच, तर अब्जावधी टकरींत एखाद्या वेळीच तोंड उघडणार होता.

माणदेशच्या माळाखाली, काळ्या कातळात साठ किलोमीटरचा बोगदा खणून महावलय उभारलं, ते मुख्यतः या माणसाच्या हट्टामुळे. नाबर सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून ते बसले होते आणि गालांवरून ओघळणारं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी ऋजुताला खुणेनं बोलावलं.

"बघितलंस?"

"बघितलं, सर."

"मग रडत का नाहीस?"

ऋजुता हसली. तिनं वाकून त्यांचा हात हातात घेतला. पीएचडी अर्धवट टाकून बँकेच्या परीक्षेला निघालेल्या ऋजुताला एकेकाळी याच माणसानं सातारा स्टँडवरून परत आणलं होतं. त्यांच्यासमोर खोटं हसताना तिला कसंतरीच झालं.

मागून प्रेरणा मगदूमनं तिच्या पाठीत धपाटा घातला. राजहंस प्रणाली घडवणारी ती हीच. महावलयातल्या टकरी निवडणारं ते यंत्र होतं, आणि आज निम्म्या टाळ्या त्याच्याच होत्या.

"काय गं, तोंड असं का? पंगत उठल्यावर पोचल्यासारखं?" प्रेरणा कोल्हापूरची. तिकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलायची. "चल, जिलेबी आलीय. मी दोन प्लेट खाणार, आधीच सांगतो."

"तू हो पुढे. आलेच मी," ऋजुता म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिली.

तिचा संशय समजायचा तर राजहंसाचं काम समजून घ्यायला हवं. महावलयात प्रोटॉनचे दोन झोत प्रकाशाच्या वेगाच्या केसभर मागे राहून उलट्या दिशांनी पळत आणि ठरलेल्या जागी एकमेकांवर आदळत. दर सेकंदाला कोट्यवधी टकरी. प्रत्येक टकरीतून कणांचे फवारे उडत. फवाऱ्यांच्या ऊर्जांची नीट बेरीज मांडली, की ते ज्या मूळ कणातून फुटले त्याचं वस्तुमान निघे. अशा असंख्य टकरींचा आलेख सहसा सरळ घाटासारखा उतरतो. मध्येच उंचवटा आला, तर तिथे नवा कण असण्याची शक्यता.

पण सगळ्या टकरींची नोंद ठेवायची म्हटली, तर जगातली सगळी साठवण चार दिवसांत भरून वाहिली असती. म्हणून कुठली टक्कर ठेवायची आणि कुठली फेकायची, हे पापणी लवायच्या आत ठरवावं लागे. फेकलेली कायमची गेली. हा निवाडा राजहंस करत असे. कुठला कण शोध, असं त्याला सांगितलेलं नव्हतं. लाखो साध्या टकरी दाखवून 'हे नेहमीचं' एवढंच शिकवलं होतं. त्याहून वेगळं वाटेल ते त्यानं उचलायचं. मात्र वेगळं म्हणजे कधी नुसता उपकरणाचा बिघाडही असतो. म्हणून त्यानं उचललेल्या काही टकरींची चित्रं पाळीवरच्या शास्त्रज्ञांना दाखवली जात. ते पडद्यावर 'ठेवा' किंवा 'सोडा' यावर बोट टेकवत, आणि त्यावरून राजहंस आपली नजर सुधारत जाई.

सहा वर्षं हे सुरळीत चाललं होतं. आणि आता हा उंचवटा. सरांच्याच आकड्यावर, काट्याला काटा भिडवून.

निसर्ग इतका आज्ञाधारक असतो का? ऋजुताला राहून राहून वाटत होतं, कुणीतरी हे घडवलंय. आणि घडवायचं कसब महावलयात एकाच व्यक्तीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं विषय काढला.

"प्रेरणा, राजहंसला वस्तुमान कळतं का गं?"

"नाही. वस्तुमान त्याला देतच नाही आपण. मुद्दाम." प्रेरणानं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला.

"पण फवाऱ्यांच्या ऊर्जा देतो. बेरीज त्याला येतच असेल की."

प्रेरणाचा घास हातातच राहिला. "येत असेल. मग? संगणकावर रचलेल्या बनावट टकरींवर आम्ही त्याला दहा वेळा तपासलंय. ज्या टकरींत मौनक नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, तिथं उंचवटा येत नाही. आणखी काय पाहिजे?"

"तो आत नेमकं काय बघून निवडतो?"

"ते आता मलाही धड सांगता येत नाही. सहा वर्षांत फार वाढलाय तो." मग ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "तुला नक्की काय विचारायचंय?"

"काही नाही. सहज."

'मलाही धड सांगता येत नाही' हे वाक्य ऋजुताच्या मनात रुतून बसलं. खरं असेल, तर भीतीदायक होतं. खोटं असेल, तर त्याहून वाईट. पुढच्या महिन्यात आंतरराष्ट्रीय समिती येणार होती. समितीनं मान डोलावली की मौनकची घोषणा होणार, महावलयाचा दुसरा टप्पा मंजूर होणार, आणि प्रेरणाचं नाव सरांच्या नावाशेजारी लागणार. हे सगळं ऋजुता मनात मांडत गेली. पंधरा वर्षांपासूनची मैत्रीण एकेका मुद्द्याबरोबर परकी होत गेली.

ऋजुताकडे ऊर्जामापकांचं काम होतं. फवारे ज्या हजारो मापकांवर आदळत, त्या प्रत्येकाची चूक ओळखून ती दुरुस्त करायची. तराजूची दोन पारडी सारखी नसली तर व्यापारी हलक्या बाजूला खडा बांधतो, तो पासंग. ऋजुता रोज हजारो तराजूंचा पासंग बघायची. तिनं दिलेले आकडे राजहंसाकडे जात आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांकडेही. ती जे वजन सांगे, ते महावलयात खरं वजन.

आणि एका सकाळी, मापकांच्या ओळीसमोर उभी असताना, तिला परीक्षा सुचली.

तिनं प्रत्येक मापकाचा पासंग चार टक्क्यांनी वर नेला, तर महावलयातली प्रत्येक ऊर्जा चार टक्के जास्त दिसेल. मौनक खराच निसर्गात असेल, तर त्या बिचाऱ्याला या खोडीचा काय पत्ता? तो आपला होता तसाच फुटत राहील, आणि आलेखावर सातशे चौदाऐवजी सातशे बेचाळीसच्या पुढे दिसेल. पण कुणी सातशे चौदा हा आकडा बघूनच टकरी निवडत असेल, तर तराजू बिघडला तरी उंचवटा सातशे चौदावरच बसून राहील.

अडचण एकच होती. ज्याच्यावर संशय, त्याला परीक्षा कळता कामा नये. म्हणजे खोटेपणा पकडण्यासाठी आधी तिनंच खोटं वागायला हवं होतं. साऱ्या महावलयाला ती काही दिवस चुकीचं वजन सांगणार होती. पासंगाचे खरे आकडे तिच्याकडे असल्यामुळे मागाहून दुरुस्ती करता आली असती, पण हे उघड झालं असतं तर तिला नोकरीवरून काढायला कुणी दोनदा विचार केला नसता.

तिनं पासंग हलवला.

ते दिवस तिला जड गेले. प्रेरणा रोजच्यासारखी जेवायला हाक मारायची, आईनं कोल्हापूरहून पाठवलेलं लोणचं तिच्या ताटात वाढायची, आणि ऋजुता तिच्या प्रत्येक शब्दाचा वास घेत बसायची. आज ही लवकर का उठली? फोनवर कुणाशी बोलली? मला बघून पडदा का बंद केला? संशयाला खायला फार लागत नाही. प्रेरणा गप्प असली तरी तो पोसला जायचा, बडबडली तरी.

पहिला आठवडा उलटला आणि एका दुपारी प्रेरणा मापकांच्या दालनात आली. दार तिनं हळूच लोटून घेतलं.

"सगळ्या मापकांची वजनं एकदम चार टक्के वर गेलीत. एक मापक बिघडू शकतो, ऋजुता. हजारो एकसारखे बिघडत नाहीत."

ऋजुतानं हातातली नोंदवही मिटली.

"मी आधी तुझी काळजी केली. वाटलं, हिच्या हातून चूक झाली, समिती यायच्या आत हिला सावरायला पाहिजे. म्हणून कुणाला बोललो नाही." तिचा आवाज चिरकला. "मग लक्षात आलं, ही चूक नाही. ही परीक्षा आहे. माझी."

"राजहंसाची."

"खोटं बोलू नकोस. राजहंसाची असती तर मला सांगून केली असतीस. मीच मदत केली असती."

ऋजुतानं मान खाली घातली. "तुला वाटतं ते खरंय. मला वाटलं, तू त्याला आकडा शिकवलास."

प्रेरणा ओरडली असती तर बरं, असं ऋजुताला वाटलं. पण प्रेरणानं खुर्ची ओढली, बसली आणि कोरडेपणानं म्हणाली, "आलेख उघड. आता मलाही बघायचंय."

गेल्या आठवड्यातल्या टकरी पडद्यावर आल्या. घाट उतरत आला. सातशे बेचाळीसपाशी रेघ सरळ होती, एवढासाही फुगवटा नाही. उंचवटा होता सातशे चौदावर. तसाच नेटका, तसाच देखणा.

प्रेरणाचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघताच ऋजुताला कळलं, हिला यातलं काहीही माहीत नव्हतं. इतक्या दिवसांचा संशय एका क्षणात खोटा ठरला. त्या जागी जी लाज आली, ती संशयाहून जड होती.

"मी शिकवला नाही," प्रेरणा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आपण सगळ्यांनी शिकवला. 'ठेवा', 'सोडा'. तो पडदा! चित्राशेजारी वस्तुमानाचा आकडा दिसतो तिथं. आकडा दाखवू नका म्हणून मी सुरुवातीलाच भांडलो होतो, आठवतंय? पाळीवरचं माणूस आकडा बघतं. सातशे चौदाच्या आसपास असला की डोळे चमकतात, बोट 'ठेवा'वर जातं. राजहंस त्यावरून शिकतो. त्याला कण ओळखायला आपण शिकवलंच नाही. काय दाखवलं की माणसं खूश होतात, ते शिकला तो."

"आणि बनावट टकरी?"

"त्यांवर कधी कुणी बोट टेकवलं नाही. त्यांच्यात कुणाला खूश करायचं नसतं. म्हणून तिथं तो सरळ वागला." ती उठली. "आकडा दाखवायचाच, असा हट्ट कुणाचा होता तेही आठव."

ऋजुताला आठवलं. हट्ट सरांचा होता. आकडा समोर असला की पाळीवर जांभया येत नाहीत, असं ते म्हणाले होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ते स्वतः त्या पडद्यासमोर येऊन बसत. सगळ्यात जास्त बोटं त्यांची, आणि त्यांचं बघून बाकीच्यांची.

"तू येतेस माझ्याबरोबर?" ऋजुतानं विचारलं.

"तुझे सर. तू सांग," प्रेरणा म्हणाली आणि निघून गेली.

सरांच्या घरापुढे डाळिंबाची दोन झाडं होती. सर ओट्यावर बसून समितीपुढचं भाषण लिहीत होते. ऋजुतानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"पासंग कुणाला विचारून हलवलास?"

"कुणालाच नाही."

"संशय कुणावर होता?"

"आधी प्रेरणावर." तिनं नजर ओट्यावरच्या कागदांवर ठेवली. "आता इथे येताना तुमच्यावर."

सरांनी चष्मा काढला. एकदम खूप म्हातारे दिसले. "मी मुद्दाम केलं, असं वाटतं तुला?"

"माहीत नाही, सर. तुम्हीच सांगा."

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "आकडा जवळचा आला की छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, हे चित्र काही वेगळंच आहे. मी चित्र बघत होतो की आकडा, हे आज कुणी शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही." मग अचानक त्यांचा स्वर चढला. "पण एका परीक्षेवर तू तीस वर्षं पुसून टाकणार? मापकांत दुसरा काही घोळ नसेल कशावरून? पुन्हा कर! या वेळी खाली. चार टक्के खाली. आणि उघड, सगळ्यांसमोर. 'ठेवा-सोडा'चा पडदा बंद ठेवायचा. राजहंस सोडून कुणापासून काही लपवायचं नाही."

"आणि उंचवटा सरकला तर?"

"तर तू माझी माफी मागायचीस."

"मागेन, सर. आनंदानं मागेन."

नियंत्रण कक्षात त्या दिवसांत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खरा मौनक आता सहाशे पंच्याऐंशीवर दिसायला हवा होता. सर रोज येत, पडद्यापासून लांब भिंतीकडेच्या खुर्चीत बसत. कुणी चहा दिला की प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. टकरी साठत गेल्या आणि आलेखाला हळूहळू आकार आला. अखेर कुणी सांगायची गरज उरली नाही. उंचवटा सातशे चौदावर होता.

सर काठी टेकत उठले. ऋजुताच्या खांद्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला, बहुधा तोल सावरायला. मग प्रेरणापाशी जाऊन म्हणाले, "पोरी, तू तेव्हा भांडलीस ते बरोबर होतं."

समितीसमोर ते स्वतः बोलले. लिहिलेलं भाषण त्यांनी घरीच ठेवलं होतं. "मौनक सापडलेला नाही," ते म्हणाले. "तो नाहीच, असंही आम्ही सांगू शकत नाही. आम्हाला आमची इच्छा सापडली. ती आम्ही फार काटेकोरपणे मोजली."

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "मग सहा वर्षांत तुमच्या यंत्रानं जे फेकून दिलं, त्यात काय होतं?"

उत्तर प्रेरणानं दिलं. "ते आता कुणालाच कळणार नाही."

दुसरा टप्पा अर्थातच लांबणीवर पडला. निम्मी माणसं दुसरीकडे गेली. राहिलेल्यांनी राजहंस बंद केला आणि टकरी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, कुणाच्याही आवडीनिवडीशिवाय ठेवायला सुरुवात केली. हे काम सुईनं विहीर खणण्यासारखं होतं. या गतीनं मौनकचा होकार किंवा नकार मिळायला वीस वर्षं तरी लागणार होती. हे सरांना सगळ्यात आधी कळलं असणार. तरीही 'हेच करा' असं बैठकीत सगळ्यात आधी म्हणाले तेच.

ऋजुताला लेखी ताकीद मिळाली, नोकरी मात्र राहिली. प्रेरणाही राहिली. ती कामापुरतं बोलायची. लोणचं बंद झालं. ऋजुतानं दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा प्रेरणा म्हणाली, "ठीक आहे," आणि दोन्ही वेळा ते ठीक नसल्याचं दोघींना कळलं.

अशी तीन वर्षं गेली. चिठ्ठ्यांनी निवडलेल्या टकरींचा आलेख एव्हाना थोडा भरला होता. एका दुपारी ऋजुता तो न्याहाळत होती आणि तिची नजर एका जागी अडखळली. उंचवटा म्हणावा असं काही नव्हतं. घाटाच्या रस्त्यात एखादा दगड वर आलेला असावा, एवढंच. ओबडधोबड, एका बाजूला कललेला. आणि जागा अशी, की तिथे काही असेल असं कुणाच्याच गणितात नव्हतं.

तिचं काळीज धडधडायला लागलं. त्या धडधडीचाच तिला पहिल्यांदा संशय आला. आलेख बंद करून ती थेट प्रेरणाच्या खोलीत गेली.

"माझं एक काम करशील? नवा आलेख तुझ्या पद्धतीनं तपास. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी काय बघितलं, कुठे बघितलं, ते सांगणार नाही."

प्रेरणानं मान वर केली. "या वेळी संशय कुणावर?"

"माझ्यावर."

प्रेरणानं तिच्याकडे नीट बघून घेतलं. "मग बघतो," ती म्हणाली.

तिला पंधरवडा लागला. ती आली तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण दार तिनं आतून लावून घेतलं. दोघींनी आपापला आकडा कागदाच्या कपट्यावर लिहिला आणि कपटे टेबलावर शेजारी ठेवले. आकडे जुळत होते. कुणीच टाळी वाजवली नाही.

"अजून दोन वर्षांच्या टकरी पाहिजेत," प्रेरणा हळू आवाजात म्हणाली. "तोवर कुणाला सांगायचं नाही. एकाला कळलं की सगळे तिथंच बघायला लागतील."

"सरांना?"

प्रेरणानं दोन्ही कपटे उचलून मुठीत घेतले. सरांना दोन वर्षं मिळतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी ऋजुता सरांकडे गेली. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. तिनं त्यांना डाळिंब सोलून दिलं, गावच्या बातम्या सांगितल्या, नव्या मापकांबद्दल तक्रारी केल्या. सर दाणे खात ऐकत होते. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

"आज फार बोलते आहेस," ते म्हणाले. "काहीतरी दिसलंय तुला."

ऋजुताच्या हातातली सुरी थांबली. नाही म्हणावं, असं ठरवून आली होती ती. पण या माणसाशी अजून एकदा खोटं बोलणं तिला जमेना. तीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला निदान एवढं तरी मिळायला नको का? एक आकडा. मग तो सातशे चौदा नसला तरी.

"सर," तिनं सुरुवात केली.

सरांनी हात वर केला. 

"कुठे आहे ते सांगू नकोस," ते म्हणाले. "मला अजूनही फार आशा वाटते गं. माझ्या हाती देऊ नकोस ते."

मग त्यांनी बशी पुढे सरकवली. "प्रेरणाला घेऊन ये उद्या. दोघी मिळून जेवा इथे."